घरातल्या अपंगाचं करणाऱ्या माणसासाठी



या वेळेला आपण नेहमी गादीवाफे, ठिबक, रोपांवरची कीड असं काहीतरी ऐकता. आज पीक जरा बाजूला ठेवू या. आज बोलायचं आहे ते घरातल्या एका कामाविषयी. या कामाची नोंद कुठल्या वहीत नसते, याची मजुरी कोणी मांडत नाही, आणि याला सुट्टीचा वारही नाही.

एखाद्या घरी अंथरुणाला खिळलेलं किंवा दुसऱ्याच्या आधाराशिवाय ज्याचं चालत नाही असं माणूस असलं, की आपण विचारतो, “त्याचं कोण करतं?” घरचे सांगतात, “आई करते,” “सून करते,” “धाकटी बहीण करते.” ऐकून आपण समाधानानं मान हलवतो आणि चहा पिऊन उठतो. पण त्या करणारीचं कोण करतं, हे कोणी विचारत नाही.

मी पाचगणी आणि वाईच्या भागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काम केलं. पाचगणी हे तसं शुश्रूषेसाठीच नावाजलेलं गाव. डॉ. बिलिमोरियांनी १९१२ साली इथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं, तेच पुढं बेल-एअर झालं, आणि १९६४ साली रेड क्रॉसकडं आलं. इथली हवा घ्यायला लांबलांबून रोगी यायचे आणि त्यांच्या उशाशी शिकलेल्या परिचारिका असायच्या. खिंगर, आंब्रळ, दांडेघर, भिलार, राजपुरी इथल्या घरांत मात्र परिचारिका म्हणजे घरचीच बाई. तिला शिकवायला कोणी आलं नाही आणि तिची पाळी बदलायलाही कोणी आलं नाही.

एक घर सांगते. नाव-गाव सांगत नाही. मुलगा एकोणीस वर्षांचा, जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. बोलणं समजतं, हसतो, गाण्याची आवड आहे, पण हातपाय ताठ. लहान होता तोवर आई त्याला कडेवर घेऊन फिरायची. आता तो तिच्याएवढा झाला, तरी उचलायची तीच. सकाळी त्याचं सगळं आवरून ती स्ट्रॉबेरी तोडायला जायची, दुपारी भरवायला परत, पुन्हा रानात, रात्री दोनदा उठून कूस बदलायची. ऐन जानेवारीत, तोडा जोरात असताना, त्याला उचलताना तिची कंबर धरली. ती तीन आठवडे आडवी. त्या तीन आठवड्यांत घरातल्या चार धडधाकट माणसांना त्या मुलाला पाणी कसं पाजायचं तेसुद्धा नीट माहीत नव्हतं. मालक मला म्हणाले, “बाई, आम्हाला वाटायचं ती थोडंफार बघते त्याच्याकडं.” थोडंफार!

म्हणून पहिली गोष्ट ही करा. एका कागदावर दिवसाची कामं उतरवून काढा. उठवणं, शी-शू, आंघोळ, कपडे, भरवणं, औषध, कूस बदलणं, उन्हात नेणं, रात्रीचं उठणं. प्रत्येक कामापुढं कोण करतं ते लिहा. सगळ्या ओळींपुढं एकच नाव आलं, तर घरात काय चाललंय ते वेगळं सांगायला नको. मग त्यातली निदान तीन कामं दुसऱ्यांच्या नावावर चढवा. पुरुषांच्या नावावरही. “आम्हाला जमत नाही” म्हणू नका. अडलेल्या गाईची सुटका करणारे हात आहेत तुमचे, पोराला आंघोळ घालायला का जमू नये? आणि करायच्या आधी ज्याचं करायचं त्याला विचारा. वाढत्या वयाच्या मुलीला भावानं आंघोळ घालणं आवडणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता दुसरी गोष्ट. आपल्याकडं पैरा आहे, इर्जिक आहे. माझं रान आज, तुझं उद्या. हीच रीत शुश्रूषेला लावा. जवळपासच्या दोन वाड्यांत मिळून अशी दोन-तीन घरं निघतातच. आठवड्यातली एक दुपार या घरच्या बाईनं दोन्हीकडचं बघायचं, दुसरी दुपार त्या घरच्या बाईनं. आधी दोन-चार वेळा दोघींनी बरोबर बसून एकमेकींच्या माणसाच्या सवयी समजून घ्यायच्या: काय गिळवतं, कशाला घाबरतो, दुखलं तर कसं सांगतो. मगच मोकळं सोडायचं. मोकळ्या दुपारी त्या बाईनं काय करावं, हे घरच्यांनी ठरवू नये. झोपली तर झोपू द्या. ‘मोकळी आहेस तर जरा घेवडा निवड’ असं म्हणणाऱ्या सासूबाई मी पाहिल्या आहेत, म्हणून सांगते.

डिसेंबर ते मार्च हा आपल्याकडं तोड्याचा हंगाम. पैऱ्याची जुळणी दिवाळीच्या आसपासच करून ठेवा. ऐन तोड्यात कोणाला शोधाल?

आता थोडं प्रत्यक्ष करण्याबद्दल. हे लक्ष देऊन वाचा, आणि जो नवीन माणूस कामाला लागेल त्याला वाचून दाखवा.

उचलताना कमरेत वाकायचं नाही. गुडघ्यात वाकायचं, माणसाला अंगाशी घ्यायचं, आणि पाय रोवून उठायचं. उचलून मग कमरेत पिळा देऊन वळू नका, पावलं फिरवून वळा. माणूस जड असेल तर एकट्यानं उचलूच नका. अंगाखाली जाड चादर सरकवा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून वर ओढा. खाट फार खाली असेल तर करणारीची कंबर जाणारच. खाटेच्या चारी पायांखाली मधोमध खोबण केलेले लाकडी ठोकळे द्या, म्हणजे खाट उंच होते आणि पाय घसरत नाहीत. सुट्या विटा देऊ नका. खाटेची एक बाजू भिंतीला लावा आणि दुसऱ्या बाजूला आडवी फळी बांधा, म्हणजे माणूस पडणार नाही.

ज्याला स्वतः हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याचा मागचा भाग रोज उजेडात बघा. एखादी जागा लाल दिसली आणि बोटानं दाबल्यावरही लाली जात नसली, तर तिथं शय्याव्रण, म्हणजे पाठीला पडतात त्या जखमा, सुरू होतोय असं समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तेव्हा हात लावून बघा, आजूबाजूपेक्षा ती जागा गरम किंवा टणक लागते का. तिथं चोळायचं नाही, तेल रगडायचं नाही. त्या जागेवरचा भार काढायचा, एवढाच पहिला उपाय. कातडी फुटली तर आरोग्य केंद्रात दाखवा, हळद भरून वाट बघत बसू नका. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्यानंही पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा एका बाजूला झुकून बैठकीवरचा भार हलवावा.

आणि आपला पावसाळा! पाचगणीच्या पावसात चार-चार दिवस कपडा वाळत नाही. ओलसर अंथरूण हा शय्याव्रणाचा सोबती. जूनच्या आधी दोन जादा चादरी आणि एक मेणकापड जमवून ठेवा. मेणकापड थेट अंगाखाली नको, त्यावर सुती चादर हवी.

भरवताना माणूस बसता हवा, किंवा पाठीला उशा देऊन जमेल तितका उठता. आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते फुप्फुसात जाऊ शकतं. हनुवटी किंचित खाली, घास लहान, पहिला गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. जेवताना रोज ठसका लागत असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

झटका म्हणजे फिट आली तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, गळ्याजवळचं सैल करा. तोंडात चमचा घालू नका. कांदा-चप्पल हुंगवू नका. घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर गाडी बोलवा, १०८ ला फोन करा.

हे सगळं करणाऱ्या बाईची झोप मोडते, अंग दुखतं, आणि कधी कधी तिला राग येतो. एका आईनं मला दार लावून घेऊन सांगितलं होतं, “काल मी त्याला मारलं.” रडत होती. तिला उपदेश करायची गरज नव्हती, तिला तीन रात्रींची झोप हवी होती. असा हात उठायला लागला, किंवा जगण्याचाच वीट आला, तर ही लाज बाळगायची गोष्ट नाही, मदत मागायची खूण आहे. २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलिमानस’चा दूरध्वनी क्रमांक सुरू आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

आता सरकारदरबारी आपलं काय आहे ते बघू. कंटाळा करू नका, नीट ध्यानात घ्या.

सगळ्याचं मूळ म्हणजे दाखला आणि यूडीआयडी कार्ड. पूर्वी १९९५ च्या कायद्यात सातच प्रकारचं अपंगत्व होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ते एकवीस केले. त्यात थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, पार्किन्सन हेही आले. (कागदावर आता ‘दिव्यांग’ लिहितात. मी बोलताना जुनाच शब्द वापरते, राग मानू नये.) अर्ज संगणकावरून करायचा, सेतू केंद्रात करून मिळतो. तपासणीला सातारच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात जावं लागतं. पसरणीचा घाट उतरून वाई, तिथून सातारा, असा प्रवास अंथरुणावरच्या माणसाला झेपत नाही, म्हणून किती तरी घरांनी दाखलाच काढलेला नाही. आपल्या भागात तपासणीचं शिबिर केव्हा आहे, याची चौकशी आशाताईंकडं आणि आरोग्य केंद्रात करत राहा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलं की बहुतेक सवलती लागू होतात.

दाखला हातात आला की तहसील कचेरीत संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असलेल्या अपंगांना तो करता येतो. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना दरमहा २,५०० रुपये झाले आहेत. एसटीच्या भाड्यात अपंगाला ७५ टक्के सूट आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर बरोबरच्या मदतनिसालाही निम्मं भाडं पडतं, हे फार थोडे जण सांगतात.

ग्रामपंचायतीनं आणि नगरपरिषदेनं आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. ग्रामसभेत उठून विचारा, गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले? माझं मत विचाराल तर हे पैसे एखाद्या समारंभात वस्तू वाटण्यात घालवण्यापेक्षा गावासाठी एक उंचीची खाट, एक चाकाची खुर्ची आणि शौचाची एक खुर्ची घ्यावी, आणि ज्याला लागेल त्याला वापरायला द्यावी. फवारणीचा पंप शेजाऱ्याकडून आणतोच की आपण.

मूल शाळेत जाऊ शकत नसेल तर शाळा घरी यायला हवी. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा हक्क २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात घातला गेला. गटसाधन केंद्रात जाऊन विशेष शिक्षकांना भेटा. शाळेत नेणं-आणणं करावं लागत असेल तर मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता यांची माहिती तिथंच मिळते.

मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची ‘निरामय’ ही आरोग्य विम्याची योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतची आहे. त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि दवाखान्यात न राहता घेतलेले उपचार, व्यायामोपचार यांचाही खर्च त्यात बसतो.

याच न्यासाचं दुसरं काम आईबापांच्या काळजाला भिडणारं आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान. मग बँकेत, कचेरीत ‘पालक कोण’ असा प्रश्न येतो. या चार प्रकारांत कायदेशीर पालक नेमायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती करते. आपण हिंडते-फिरते असतानाच अर्ज करा. ‘आमच्या पश्चात याचं काय?’ हा प्रश्न सगळ्याच आईबापांना रात्री छळतो. बदलापूरची ‘आधार’ ही मतिमंद प्रौढांची निवासी संस्था याच प्रश्नातून पालकांनी एकत्र येऊन उभी केली आहे.

आणि जमीन. हे तर आपल्याला स्पष्टच सांगते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे रोग, व्यंग किंवा अपंगत्व या कारणानं कोणाचाही वारसा जात नाही. ‘त्याला काय कळतंय, त्याचं नाव कशाला लावायचं’ असं म्हणून वारस नोंदीतून नाव गाळणं बेकायदा आहे. त्याच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठा घेताना जो त्याला समजावून सांगतो आणि ज्याला जमीन मिळते, तो एकच माणूस असेल तर ते चालत नाही. २०१६ चा कायदा सांगतो की, आधार देणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ ज्या व्यवहारात आहे, त्या व्यवहारात त्यानं आधार देण्यापासून दूर राहायचं. भावाभावांत हे आधीच बोललेलं बरं. ज्या घरी वाटा गेला त्या घरी पुढं त्या माणसाला ताटही गेलेलं मी पाहिलं आहे.

शेतातल्या अपघातानं कोणी अपंग झालं तर आणखी एक गोष्ट. मळणी यंत्रात हात गेला, विजेचा धक्का बसला, उंचावरून पडला, असं झालं तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास एक लाख आणि दोन झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. खातेदार शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं तीस दिवसांच्या आत करायचा. दवाखान्याच्या धावपळीत हे तीस दिवस कधी सरतात कळत नाही. म्हणून भावकीतल्या एकानं फक्त कागदांचं काम अंगावर घ्यावं.

आता ज्या माणसासाठी मी आज आले, तिच्याविषयी कायदा काय म्हणतो? २०१६ च्या कायद्यात ‘काळजीवाहक’ कोण हे लिहिलेलं आहे: पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारी व्यक्ती, आईबाप आणि घरची माणसंसुद्धा. ज्याला फार मोठ्या आधाराची गरज आहे, त्याच्यासाठी काळजीवाहक भत्त्याची योजना सरकारनं आपल्या आर्थिक ऐपतीप्रमाणे करावी, असं कलम २४ मध्ये आहे. ३८ व्या कलमाप्रमाणे अशा माणसाला, किंवा त्याच्या वतीनं दुसऱ्याला, जादा आधारासाठी अर्ज करता येतो आणि त्याची तपासणी मंडळानं करायची असते. केरळ राज्य अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्या माणसाला ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा ६०० रुपये देत आलं आहे. रक्कम लहान आहे, पण ती करणारीच्या नावानं आहे. आपल्याकडंही मागणाऱ्यांचे अर्ज गेले पाहिजेत. अर्ज लेखी करा, २४ आणि ३८ ही कलमं त्यात लिहा, आणि पोच घ्या. तोंडी विचारलं तर तोंडीच उत्तर मिळतं.

एक राहिलं. ज्याचं आपण करतो, त्यालाही काही करू द्या. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक ऐन तरुणपणी कमरेखाली लुळ्या झाल्या. त्यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली, आणि पुढं सिंधुदुर्गात अपंग कामगारांच्या हातांवर काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. सगळ्यांनाच एवढं जमेल असं नाही. पण स्ट्रॉबेरीची प्रतवारी आणि डबे भरणं हे बसून करायचं काम आहे. टेबल त्याच्या मांडीला लागेल इतकं जवळ आणा, डबे डाव्या हाताला, फळ उजव्या हाताला. ज्याचे हात चालतात तो हे करू शकतो. आणि मजुरी त्याच्या स्वतःच्या खात्यात भरा. मघाशी सांगितलं त्या मुलाचे हात चालत नाहीत, पण तो आता डबे मोजतो. चुकला तर आई हसते, आणि तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तिची कंबर पुरती बरी झालेली नाही. मंगळवारची दुपार मात्र शेजारची बाई बघते.

कागद कोणते काढून ठेवायचे ते सांगते आणि थांबते. आधार कार्ड, रेशन कार्ड, दवाखान्याचे जुने कागद, दोन फोटो, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि सात-बारा. प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. पावसाचे दिवस असतील तर सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. सगळ्यांत वर एका कोऱ्या कागदावर त्या माणसाचं नाव आणि त्याच्याखाली त्याचं करणारीचंही नाव लिहा.